जुन्या पोस्टातून गेलेला कोट

“या इमारतीच्या एका विटेला जरी कुणी हात लावला ना, तर मिशी उतरवून देईन!” मास्तर काउंटरवर मूठ आपटून गरजले.

मास्तरांना मिशी नव्हती. इमारतही दगडी होती, तिला वीट नव्हती. तरीसुद्धा ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांवर चांगलाच परिणाम झाला. ऐकणारे दोघंच होते. बायको शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत राहिली आणि बायकोच्या भावाने टाळ्या वाजवल्या.

आता मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, आणि पोस्टातलेही नव्हेत. मास्तर लाँड्रीवाले! पण लाँड्री होती जुन्या पोस्टाच्या इमारतीत. म्हणून लोक त्यांना आधी पोस्टमास्तर म्हणायला लागले आणि पुढे तेवढं लांब कोण बोलत बसणार म्हणून नुसतं मास्तर. स्वतः मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला एक ओळ खरडली नव्हती, मग पाठवणं तर दूरच. सासऱ्यांचा आणि त्यांचा अबोला होता तो याच गुणामुळे. लग्नाच्या दिवशी नव्या जावयाने हौसेने सासऱ्यांच्या कोटाला इस्त्री करायला घेतली, गप्पांच्या नादात इस्त्री तशीच कोटावर ठेवली, आणि कोटाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराची खिडकी पडली! “बाबा, काळजीच करू नका, नवा कोट पोस्टाने पाठवून देतो,” असं मास्तर म्हणाले होते. त्यानंतर मास्तर पोस्टात राहायला आले, तरी कोट काही पोस्टाने गेला नाही.

इमारत मात्र होती देखणी. उंच छत, जाड भिंती, सागवानी काउंटर आणि त्यावर पितळी गजांच्या तीन खिडक्या. खरं पोस्ट कधीच पलीकडच्या रस्त्यावर सिमेंटच्या नव्या इमारतीत गेलं होतं, आणि नगरपालिकेने ही जागा मास्तरांना भाड्याने दिली होती. वरच्या मजल्यावर मास्तरांचं घर, खाली लाँड्री. ‘मनिऑर्डर’ लिहिलेल्या खिडकीत मळके कपडे घ्यायचे, ‘तिकीट विक्री’मधून धुतलेले द्यायचे, आणि ‘बचत खाते’ या खिडकीमागे लोक जे कपडे न्यायलाच आले नाहीत ते पडलेले असायचे. मागच्या भिंतीवर टपाल लावायचे लाकडी खण होते, प्रत्येक गल्लीचा एक. मास्तर त्याच खणांत त्या त्या गल्लीचे शर्ट लावायचे. चूक म्हणून व्हायची नाही!

अशा या सोन्यासारख्या जागेवर नगरपालिकेचा डोळा होता. इमारत पाडून तिथे वाहनतळ करायचं ठरत होतं. मास्तरांची लाँड्री आणि बिऱ्हाड दोन्ही रस्त्यावर येणार होतं, म्हणून तर ती मिशीची प्रतिज्ञा.

“एकच उपाय आहे, भावोजी,” मेहुणा म्हणाला. “मंगळवारी वारसा समिती पाहणीला येतेय. त्यांनी इमारतीला वारसा-वास्तू ठरवलं की झालं! मग नगरपालिका काय, नगरपालिकेचा बापसुद्धा हात लावू शकत नाही.”

“ठरवतीलच! अशी इमारत दुसरी दाखवा म्हणावं!”

“तसंच त्या जकातघरवाल्याला वाटत होतं. जकातघर याच्याहून जुनं. समिती आली, बघते तर आत पिठाची गिरणी! ‘मूळ स्वरूप हरवलं’ असा शेरा मारून गेली.”

मास्तरांनी आपल्या वास्तूकडे पाहिलं. छतापासून दोऱ्यांवर पायजमे लोंबत होते. पार्सलांच्या काट्यावर कुणाची तरी दुलई बसली होती. बाहेर दगडात कोरलेल्या ‘डाकघर’ या अक्षरांवर ‘चकाचक लाँड्री’ हा पत्रा ठोकलेला होता. मास्तर मेहुण्याकडे वळले.

“आता रे?”

या “आता रे”चीच मेहुणा वाट पाहत होता. मेहुणा नाटक कंपनीत होता. नाटकात होता म्हणजे पडद्यामागे होता. टेबलं हलवणं, पडदा ओढणं आणि दारावरची बेल वाजवणं ही त्याची आजवरची कामगिरी. रंगमंचावर एकदा तरी एंट्री मिळावी एवढीच बिचाऱ्याची इच्छा, पण दिग्दर्शक त्याच्या हातात हातोडीच द्यायचा.

“एक दिवस लाँड्री बंद,” तो डोळे मिटून म्हणाला. “एक दिवस पोस्ट चालू! नेपथ्य माझं, वेशभूषा माझी, आणि पोस्टमनच्या भूमिकेत मी स्वतः! खाकी कपडे, टोपी, झुबकेदार मिशी. तुम्ही तीनदा खोकलात की मागच्या दाराने माझी एंट्री. येतो, टपाल उचलतो, जातो. समितीच्या डोळ्यांसमोर जुना काळ उभा!”

“आणि हे कपडे?” बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “सगळ्या गल्ल्यांचे कपडे आहेत. ते कुठं लपवणार, माझ्या डोक्यावर?”

“ताई, लपवायचे कशाला? पार्सलं करायची! मांजरपाटात शिवायची, लाखेचे शिक्के मारायचे आणि त्याच खणांत लावायची. कपडेही दिसणार नाहीत आणि खणही भरलेले!”

मास्तरांनी मेहुण्याला मिठी मारली. बायकोने इस्त्री बाजूला ठेवली, कारण अशा वेळी हातात गरम वस्तू असू नये हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी दार लावून तिघं पार्सलं शिवायला बसले. काम झकास चाललं होतं. घोडं अडलं ते पत्त्यांवर.

“कोरी पार्सलं कोण पाठवतं?” मेहुणा म्हणाला. “पत्ते हवेत. आणि खरे हवेत, खोटे लगेच ओळखू येतात. पाठवणारे म्हणून तुमचंच नाव घालतो, भावोजी. सांगा, लिहितो.”

बायकोला सगळ्या नातेवाइकांचे पत्ते तोंडपाठ. तिने सुरुवात केली माहेरापासून. मोठे काका, धाकटे काका, दोन्ही आत्या, मावशी, मावशीच्या जावा. मेहुणा लिहीत सुटला.

“थांब!” मास्तर म्हणाले. “सगळी पार्सलं तुझ्याच माहेरी? माझ्या ताईला एक नाही?”

“आहे की. वन्संना हा पलंगपोस.”

“पलंगपोस? तुझ्या काकूला रेशमी झगा आणि माझ्या सख्ख्या बहिणीला पलंगपोस? काय वाटेल तिला?”

“अहो, पार्सल खोटं आहे!”

“खोटं असलं म्हणून काय झालं? मनात भेदभाव आहे तो दिसला ना!”

“बरं, मग वन्संना पलंगपोसाबरोबर उशीचे अभ्रे. झालं समाधान?”

मास्तरांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी अभ्रे स्वतःच्या हाताने शिवले. मग बायकोने ‘बचत खाते’शेजारच्या खुंटीवरून एक काळा कोट काढला. सकाळीच कुणाचा तरी ड्रायव्हर देऊन गेला होता. भारी कापड, आतून लाल अस्तर. तिसरं बटण तेवढं वेगळं, तपकिरी. तिने त्याची नीट घडी केली.

“हा बाबांना,” ती हळूच म्हणाली. “पार्सलात का होईना, एकदा तरी त्यांच्या नावावर कोट पडू दे.”

सासऱ्यांच्या पार्सलावर मास्तरांनी लाख अगदी सढळ हाताने ओतली.

मंगळवारी सकाळी ‘चकाचक लाँड्री’चा पत्रा खाली आला आणि दगडातलं ‘डाकघर’ दिसू लागलं. खण पार्सलांनी गच्च. इस्त्र्या पलंगाखाली, पायजम्यांच्या दोऱ्या गुंडाळलेल्या. बायको ‘तिकीट विक्री’च्या खिडकीमागे बसली. मेहुणा मागच्या जिन्याखाली मिशीला गोंद लावत होता. मास्तरांनी नाटक कंपनीतला कोट घातला होता. तो मुळात एका दिवाणाचा होता, त्यामुळे खांद्यावर झालरी होत्या, पण त्याला आता इलाज नव्हता.

समिती म्हणजे दोन माणसं. अध्यक्ष साहेब, जाडजूड आणि हळवे. बरोबर वास्तुतज्ज्ञ बाई, हातात लाकडी हातोडी. बाई दिसेल त्या खांबावर टकटक करायच्या आणि कान लावून ऐकायच्या.

“अहाहा!” साहेब दारातच थबकले. “हे काउंटर! या जाळ्या! आणि ही पार्सलं... बाई, पार्सलंसुद्धा आहेत हो!”

“लिहून घेते,” बाई म्हणाल्या. “पार्सलांसकट मूळ स्वरूप.”

“इथं दुसरं काही चालत नाही ना? गिरणी, दुकान?”

“छे! शिव शिव!” मास्तर कानांवर हात ठेवून म्हणाले. “पोस्ट ते पोस्ट! आम्ही फक्त सांभाळतो.”

बाईंनी नाक वर करून वास घेतला. “साबणाचा वास येतोय का?”

“स्वच्छता!” मास्तर घाईघाईने म्हणाले. आता मेहुण्याला आणायलाच हवं होतं. मास्तर तीनदा खोकले. कोटाची झालर घशात गेल्यामुळे चौथा खोकला खरा आला.

आणि पोस्टमन आला!

मागच्या दाराने न येता पुढच्या दाराने आला. खाकी कपडे, टोपी, झुबकेदार मिशी, खांद्याला पिशवी. “टपाल!” म्हणाला आणि विजेचं बिल काउंटरवर ठेवलं. वा रे पठ्ठ्या, मास्तरांनी मनात म्हटलं, बिलसुद्धा आठवणीने आणलं! चेहरा तर असा बदलला होता की सख्ख्या बहिणीने ओळखलं नसतं. ती खरोखरच ओळखत नव्हती. खिडकीमागून डोळे मोठे करून बघत होती.

“या, पोस्टमनदादा!” मास्तर साहेबांना ऐकू जाईल असं ओरडले. मग जवळ जाऊन कुजबुजले, “मिशी जरा वाकडी बसलीय,” आणि अंगठ्याने ती घट्ट दाबली.

“हे काय?” पोस्टमन दचकून मागे सरला.

“मस्त! असंच चालू दे!” पुन्हा मोठ्याने, “पोस्टमनदादा, ही सगळी पार्सलं उचला!”

पोस्टमनने खणांकडे पाहिलं. “ही? ही इथं कशी?”

“वर्षानुवर्षं इथंच पडून आहेत, दादा!” मास्तरांना आता स्फुरण चढलं होतं. “पोस्ट इथून गेलं, पण हे टपाल मागे राहिलं. कुणाच्या वाट्याची माया, कुणाच्या वाट्याची भेट... धूळ खात पडलीय! आहे का कुणाला त्याचं काही?”

पोस्टमनचा चेहरा पांढरा पडला. “ऑफिस हललं... आणि एवढं टपाल मागे राहिलं? आणि आमच्या खात्यात कुणाला पत्ताच नाही?” त्याचा आवाज कापला. “लोक वाट बघून बघून थकले असतील हो!” आणि बघता बघता त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं!

साहेबांनी रुमाल काढला. मास्तर तर गार झाले. एवढा कसलेला नट आणि याला आजवर टेबलं हलवायला ठेवलं?

“एकही मागे राहता कामा नये!” मास्तर गहिवरून म्हणाले.

“नाही राहणार. मी या भागात नवीन बदलून आलोय, पण माझ्या खात्याची अब्रू आहे!” पोस्टमन म्हणाला. बाहेर जाऊन त्याने एक हातगाडी गाठली आणि भराभर पार्सलं भरली. साहेबांनी स्वतः हात लावला, बाईंनी हातोडी काखेत मारून दोन पार्सलं नेऊन ठेवली. खण रिकामे झाले. गाडी खडखडत निघून गेली.

“बाई,” साहेब नाक पुसत म्हणाले, “हा नुसता वारसा नाही, हा जिवंत वारसा आहे. शुक्रवारी इथंच समारंभ करू, इथंच जाहीर करू!” मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “फक्त माझा कोट तेवढा मिळायला हवा. कालच ड्रायव्हरने कुठल्याशा लाँड्रीत टाकला आणि स्वतः गेला रजेवर गावी. त्याच्या गावात फोनही लागत नाही. काळा कोट आहे हो, आतून लाल. तिसरं बटण तपकिरी.”

खिडकीमागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तो बायकोच्या हातातला जुना रबरी शिक्का होता. साहेब आणि बाई निघून गेले. मास्तर आनंदाने एका पायावर नाचणार, एवढ्यात मागच्या जिन्याखालून आवाज आला.

“भावोजी, किती वेळ? चारदा खोकलात तुम्ही! तीन की चार? मला समजेना! गोंद वाळला इथं!”

जिन्याखालून मेहुणा बाहेर आला. खाकी कपडे, टोपी, आणि मिशी अजून हातातच.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या खणांकडे पाहिलं. मग दाराकडे.

“मग तो कोण होता?” त्यांनी विचारलं.

“पोस्टमन,” बायको म्हणाली.

“आणि तो काळा कोट?”

“बाबांना गेला,” बायको म्हणाली.

यानंतर मास्तर जे धावत सुटले ते थेट रस्त्याच्या मधोमध. अंगात दिवाणाचा कोट, झालरी उडतायत, मागून खाकी कपड्यांतला मेहुणा. मेहुण्याची तर दर दहा पावलांवर अडवणूक! एका आजोबांनी त्याच्या हातात तीन पाकिटं कोंबली. एका आजीबाईंनी त्याचा दंडच पकडला, “माझ्या लेकीचं पत्र कुठाय? बोल! महिनाभर दडवून ठेवलंस?” मेहुणा बिचारा “मी नाटकातला आहे” म्हणत होता, आणि आजीबाई म्हणत होत्या, “नाटकंच करता रे तुम्ही सगळे!”

नव्या पोस्टात पोचेपर्यंत टपालाची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. आत सगळं ऑफिस उभं होतं. साश्रू नयनांनी!

“पार्सलं!” मास्तर धापा टाकत म्हणाले. “परत द्या!”

“गेली!” खिडकीतला कारकून छाती पुढे काढून म्हणाला. “खात्याची चूक, म्हणून सगळ्यांच्या आधी, पहिल्या गाडीने रवाना केली! प्रत्येक पार्सलाला आमच्या पोस्टमास्तरांच्या सहीचं माफीपत्र लावलंय. ‘आपले हे पार्सल आमच्या हातून अनेक वर्षे जुन्या इमारतीत राहून गेले, क्षमस्व.’ उद्या सकाळी घरपोच!”

“अहो पण ती माझी...”

“पार्सल ज्याच्या नावाचं, त्याचं. हवं तर पत्त्यावरच्या माणसाला घेऊन या.” मग त्याची नजर मेहुण्याच्या कपड्यांवर गेली. “आणि तू रे? कुठल्या ऑफिसचा?”

“जुन्या,” मेहुणा म्हणाला, आणि दोघं आले तसे पळाले.

पुढचे दोन दिवस गिऱ्हाइकांना काय काय थापा मारल्या ते सांगत बसलो तर रात्र होईल. एवढंच सांगतो की बँकेचे मॅनेजर अचानक रजेवर गेले. त्यांच्या चारही पँटी बायकोच्या मावशीकडे पोचल्या होत्या.

इकडे नातेवाइकांचे फोन सुरू झाले. गंमत म्हणजे कुणी चिडेना! सगळे रडतच बोलायचे. “इतक्या वर्षांपूर्वी आठवणीने पाठवलंस रे, आणि आम्ही तुला कोरडा समजत होतो!” धाकट्या काकांना धोतराएवढा टॉवेल मिळाला होता, ते तर हुंदके देत होते. एकट्या ताईने तेवढं फोन करून विचारलं, “तिच्या काकूला झगा आणि मला पलंगपोस का?”

“अभ्रेसुद्धा होते!” मास्तर ओरडले, पण फोन ठेवला गेला होता.

सासऱ्यांचा मात्र फोन आला नाही. मास्तरांनी स्वतःच तीनदा लावला, पण कुणी उचलला नाही. शुक्रवार उजाडला, तेव्हा त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. साहेबांना जाऊन सांगायचं की तो लाँड्रीवाला मीच, म्हणजे इमारत गेली. किंवा गप्प बसायचं, म्हणजे कोट गेला. मास्तरांनी गप्प बसायचं ठरवलं.

समारंभाला दारासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब नुसत्या शर्टावर आले होते आणि फार संतापलेले होते.

“सगळ्या लाँड्र्या पालथ्या घातल्या! कुणी कबूल होत नाही!” ते मास्तरांना म्हणाले. “तो लाँड्रीवाला नुसता सापडू दे. त्याला तुरुंगात घातलं नाही तर नावाचा अध्यक्ष नाही! तुम्हाला माहिती आहे का असा कुणी?”

“ला... लाँड्री?” मास्तर म्हणाले. “ती काय असते?”

एवढ्यात रिक्षा थांबली आणि तिच्यातून सासरे उतरले. अंगात काळा कोट! आतून लाल! तिसरं बटण तपकिरी! कोट मापात असा बसला होता की जणू अंगावरच शिवलेला. मास्तरांना पळावंसं वाटलं, पण सासऱ्यांनी भर समारंभात त्यांना छातीशी धरलं.

“जावईबापू, मला माफ करा!” ते गदगदून म्हणाले. “तुम्ही शब्द पाळला होता हो! लग्न झाल्या झाल्या कोट पाठवला होता, आणि पोस्टाने खाल्ला इतकी वर्षं! आणि मी तुमच्याशी बोलणं टाकलं! फोनवर काय बोलू म्हणून स्वतः आलो.”

बायको पदराने डोळे पुसायला लागली. साहेब जवळ आले. त्यांनी कोट पुढून पाहिला, मागून पाहिला आणि बटणावर बोट ठेवलं.

“माझा कोट अगदी असाच होता,” ते हळू आवाजात म्हणाले.

“तुम्हालाही जावयानेच पाठवला होता का?” सासऱ्यांनी विचारलं. आणि खिशातून घडी केलेलं माफीपत्र काढून साहेबांपुढे धरलं. “वाचा! कितीतरी वर्षं या इमारतीत पडून होता. सरकारी सही आहे!”

साहेबांनी वाचलं. मग त्यांचा चेहरा विरघळला. “म्हणजे मंगळवारी मी स्वतः गाडीत ठेवलेल्या पार्सलांपैकीच एक! मग हा माझा कसा असेल!” आणि त्यांनी सासऱ्यांना मिठी मारली. स्वतःच्याच कोटाला मिठी मारून रडणारा माणूस मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिला.

मग साहेब व्यासपीठावर चढले आणि निर्णय वाचू लागले. “ही इमारत वारसा-वास्तू म्हणून घोषित करण्यात येत आहे!”

टाळ्या! मेहुण्याने शिट्टी मारली. तो आज खाकी कपड्यांत आणि झुबकेदार मिशी लावूनच आला होता, कारण अंगावरून ते काढवेना. मास्तरांनी बायकोकडे वळून पाहिलं. कशी जिरवली नगरपालिकेची!

“पाहणीच्या दिवशी ती जशी होती, तशीच ती कायम जतन केली जाईल,” साहेब पुढे वाचत होते. “तळमजल्यावर खण, खिडक्या, काउंटर आणि पार्सलं यांखेरीज काहीही ठेवता येणार नाही. पाणी, वाफ, उष्णता आणि साबण यांना सक्त मनाई आहे!”

बाईंनी मान हलवली. साबणाचा वास त्या विसरल्या नव्हत्या.

मास्तर ताडकन उठले. “साहेब! अहो, पण तिथं माझी...”

“तुमची काय?”

मास्तरांनी साहेबांचा नुसता शर्ट पाहिला. पहिल्या रांगेत कोटाची कॉलर ताठ करून बसलेले सासरे पाहिले. सासरे सगळ्यांना सांगत होते, “माझा जावई!”

“माझी काही तक्रार नाही,” मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

“आणि इमारतीच्या देखभालीसाठी, लोकांना जुनं टपाल दाखवण्यासाठी,” साहेबांनी बोट केलं ते थेट मेहुण्याकडे, “या गुणी पोस्टमनची कायम नेमणूक करण्यात येत आहे!”

मेहुण्याने उडी मारली. अखेर एंट्री मिळाली होती, आणि तीही रोज, सकाळ-संध्याकाळ, सुट्टीचा दिवस सोडून!

तर आता असं आहे. मास्तरांचं घर वरच्या मजल्यावर शाबूत आहे. इमारतीला खरोखरच कुणी हात लावू शकत नाही, आणि मास्तर तर नाहीच नाही. भिंतीवर कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेले की मेहुणा खालून ओरडतो, “भावोजी, वारसा!” लाँड्री समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हललीय. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक मेहुणाच असतो. खाकी कपडे टाकतो आणि म्हणतो, “जरा कडक करा, लोक बघायला येतात.”

परवा त्या शेडमध्ये खुद्द साहेब आले! ड्रायव्हर अजून गावीच, तिथंच त्याचं लग्न जमलं म्हणे. मास्तरांनी मनोमन त्याला सुखी संसाराचा आशीर्वाद दिला.

“अरे, तुम्ही! इथं लाँड्री काढलीत का? उत्तम केलंत,” साहेब म्हणाले. “या धंद्यात प्रामाणिक माणूस हवाच होता. हा घ्या, नवा कोट शिवलाय. एवढी इस्त्री करून द्या. सांभाळा बरं का! पहिल्याचा अनुभव फार वाईट.”

“डोळ्यांत तेल घालून सांभाळतो!” मास्तर दोन्ही हातांनी कोट घेत म्हणाले. “माझ्याकडून कोट हरवला तर मिशी...”

“भावोजी!” समोरच्या पायऱ्यांवरून मेहुण्याने हाक मारली. शाळेची सहल येऊन उभी होती आणि मागे खण रिकामे दिसत होते. “पार्सलं कमी पडतायत! काही आहे का शिवायला?”

मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोट घाईघाईने स्टुलावर टाकला आणि त्यावर बसले. साहेब जाईपर्यंत उठलेच नाहीत. मेहुणा जाईपर्यंतही नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा बायको डबा घेऊन खाली आली, तरी बसलेलेच होते. कोटाचा पार चोळामोळा झाला, पण कोट जागेवर राहिला. इस्त्री काय, नंतरही करता येते.